मिड्ल्टनची भट्टी

व्हिस्की हा शब्द आयरिश भाषेंतील 'इश्के बाहा' ह्या दोन शब्दांपासून निघाला. त्यांचा अर्थ 'जीवनाचें पाणी'. संस्कृतांत तर 'जीवन' म्हणजेच पाणी. तेव्हां आपल्या कोशकारांस हें नांव ऐकून मौज वाटावी. आयर्लंडांत हें 'जीवन' सर्वांत मोठ्या प्रमाणावर गाळलें जातें तें मिड्ल्टन ह्या गांवीं. तेथें मी एक शनिवार घालविला. मद्याचा मला शौक नाहीं. ज्या देशांत एका काळीं सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें आणि तिच्या मागून आलेल्या रोगांनीं मेलीं, त्या देशांत धान्याची दारू करणारें गांव आपला इतिहास कसा सांगत असेल, एवढेंच मला पाहावयाचें होतें.

कॉर्क शहराहून पूर्वेस निघणारी लहानशी आगगाडी खाडीच्या कांठाकांठानें अर्ध्या तासाच्या आंतच मिड्ल्टनला पोंचते. हा लोहमार्ग १९६३ मध्यें उतारूंसाठीं बंद झाला होता. २००९ मध्यें तो पुन्हां सुरू झाला. गांवाचें इंग्रजी नांव अगदीं रुक्ष आहे: कॉर्क आणि यॉल ह्यांच्या मधलें गांव, म्हणून मिड्ल्टन. आयरिश नांवाचा अर्थ मात्र 'बांधाजवळचा मठ' असा होतो. बाराव्या शतकांत सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांनीं येथें मठ स्थापला होता. मठ गेला, नांव राहिलें. एक लांब मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंस रंगविलेल्या दर्शनी भागांचीं दुकानें, आणि गांवाला बिलगून वाहणाऱ्या ओवेनकुरा व डंगर्नी ह्या दोन नद्या. ऑक्टोबर २०२३ मध्यें बाबेट नांवाच्या वादळांत पाणी ह्या मुख्य रस्त्यावर चढलें आणि दुकानांत व घरांत शिरलें. एका पाववाल्यानें तें कोठपर्यंत आलें होतें हें मला आपल्या मांडीवर हात ठेवून दाखविलें, आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शनिवारीं सकाळीं येथें शेतकऱ्यांचा बाजार भरतो. चीज, मासे, कोबी, ताजे पाव, मध. विकणारा आणि घेणारा एकमेकांस नांवानें हांक मारतात. भाव विचारण्यापूर्वीं आजारी आईची चौकशी होते. ह्या सर्व गजबजाटावर, वारा फिरला कीं, एक उबदार, ओलसर वास पसरतो. आपल्याकडे मोड आलेलीं कडधान्यें शिजत घातल्यावर जसा येतो, कांहींसा तसा. तो भट्टीचा वास. गांवकऱ्यांना तो जाणवतहि नाहीं.

भट्टीचें जुनें आवार करड्या दगडाचें आहे. मूळ ही लोकरीची गिरणी. नेपोलियनच्या युद्धांच्या वेळीं तींत शिपायांची बराक झाली. १८२५ मध्यें मर्फी नांवाच्या भावांनीं ती घेऊन येथें गाळप सुरू केलें. दोनच वर्षांपूर्वीं, १८२३ मध्यें, सरकारनें अबकारी कर उतरविला होता, त्यामुळें डोंगरांतल्या चोरट्या भट्ट्यांपेक्षां उघड्यावरची मोठी भट्टी किफायतशीर झाली. भोंवतालची जमीन सातूच्या पिकाला उत्तम. मर्फींनीं जो तांब्याचा हंडा बसविला, तो ३१,६१८ गॅलनांचा होता. जगांत एवढा मोठा हंडा दुसरा नव्हता. आज तो थंड, रिकामा, लोकांना पाहावयासाठीं ठेवलेला आहे. जवळ उभें राहिलें असतां माणूस अगदीं क्षुद्र दिसतो. भरभराटीच्या काळीं ही भट्टी वर्षाला चार लक्ष गॅलन मद्य गाळीत असे आणि जवळजवळ दोनशें माणसांना काम देत असे.

आयरिश व्हिस्कीच्या चवीची गोष्टहि कराशींच जडलेली आहे. सातूला मोड आणून, ते वाळवून त्यांचा माल्ट करतात. १७८५ मध्यें माल्टवर कर बसला. भट्टीवाल्यांनीं युक्ति केली: कांहीं सातू मोड आणलेले आणि कांहीं तसेच कोरडे, असें मिश्रण घेऊन तें तीन वेळां गाळलें. कर वांचविण्यासाठीं केलेली ही काटकसर पुढें ह्या मद्याची खास लज्जत ठरली, आणि कर केव्हांच गेला तरी मिश्रण टिकलें. वाटाड्यानें हें सांगून चाखण्याचा पेला माझ्या हातीं दिला. मीं वास घेतला आणि पेला शेजारच्या गृहस्थांस दिला; त्यांचा माझ्याविषयींचा आदर तत्काळ वाढला.

मर्फींची भट्टी पुरती तेरा वर्षांचीहि झाली नव्हती, तोंच तेरा मैलांवरच्या कॉर्क शहरांत १० एप्रिल १८३८ रोजीं फादर थिओबाल्ड मॅथ्यू ह्या कॅपुचिन साधूनें मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेवर सही केली. त्याचे निकटचे आप्त गाळपाच्याच धंद्यांत होते, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे; त्यानें आपल्याच घराच्या उत्पन्नावर निखारा ठेविला. लोक त्याच्याकडे पायीं चालत येऊं लागले, आणि पांचसहा वर्षांत प्रतिज्ञा घेणारांची संख्या लाखांच्या पलीकडे गेली. देशांतल्या कर भरलेल्या मद्याचा खप जवळजवळ निम्म्यावर आला. कॉर्कच्या सेंट पॅट्रिक रस्त्यावर १८६४ मध्यें त्याचा पुतळा उभारला गेला; तो घडविणारा शिल्पकार फोली, ज्यानें कलकत्त्यासाठीं औट्रामचा अश्वारूढ पुतळा केला तोच.

पण मॅथ्यूच्या चळवळीला खरा धक्का मद्यानें दिला नाहीं. तो बटाट्यानें दिला. १८४५ मध्यें बटाट्याच्या पिकावर रोग पडला, पुढच्या वर्षीं पीक सर्वत्र सडलें. १८४१ मध्यें ऐंशी लक्षांहून अधिक असलेली आयर्लंडची वस्ती दहा वर्षांनीं सुमारें पासष्ट लक्षांवर आली. जे मेले नाहींत त्यांतले कित्येक जहाजांत बसून गेले.

येथेंच माझा प्रश्न उभा राहतो. धान्य नव्हतें काय? होतें. आयरिश कुळ ओट आणि सातू पिकवीत असे, पण तें खंडासाठीं. खात असे तें बटाटा. बटाटा गेल्यावरहि खंड द्यावयाचाच होता, म्हणून धान्य बाजारांतच जात राहिलें. सप्टेंबर १८४६ मध्यें शेजारच्या यॉल बंदरांत धान्याची निर्यात अडविण्यासाठीं जमाव चालून गेला. पूर्वींच्या टंचाईंत, उदाहरणार्थ १८०१ मध्यें, सरकारनें धान्यापासून दारू गाळण्यास मनाई केली होती. ह्या वेळीं तशी मनाई झाली नाहीं. १८४७ च्या आरंभीं भट्टीवाल्यांस धान्याऐवजीं साखर वापरण्याची मुभा तेवढी मिळाली. भट्ट्या बंद केल्या असत्या तर माणसें वांचलीं असतीं, असें म्हणण्याचा मोह होतो, मलाहि झाला. परंतु तेवढ्यानें सातू गरिबाच्या पोटांत गेले नसते, कारण ते विकत घेण्यास त्याच्याजवळ पैसा नव्हता. कोणीतरी ते घेऊन वांटावयास हवे होते, आणि बाजाराच्या व्यवहारांत हात घालूं नये ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची श्रद्धा होती. मला दोष भट्टीपेक्षां त्या श्रद्धेचा अधिक वाटतो. तरीहि, भुकेल्या माणसानें भट्टीच्या दारावरून जातांना तो उबदार वास घेतला असेल, हा विचार कांहीं केल्या मनांतून जात नाहीं. आंतल्या फेरीमध्यें वाटाड्यानें ह्या वर्षांविषयीं फारसें सांगितलें नाहीं.

सांगणारी वस्तु गांवाच्या दुसऱ्या टोंकाला, बेलिक उद्यानांत आहे. तेथें सुमारें वीस फूट उंचीचीं नऊ पोलादी पिसें वर्तुळाकार उभीं आहेत, एकाद्या रिकाम्या परडीसारखीं. हें स्मारक २०१७ मधलें. अमेरिकेंतील चॉक्टॉ ह्या मूळ रहिवाशांस १८३१ पासून त्यांच्या भूमींतून हांकून लावण्यांत आलें. वाटेंत हजारों मेले. ते लोक स्वतः अजून सांवरले नव्हते, तोंच १८४७ मध्यें त्यांनीं आयर्लंडच्या भुकेल्यांसाठीं १७० डॉलर गोळा करून पाठविले. आपल्या देशांतूनहि मदत गेली होती: कलकत्त्याच्या निधींतून सुमारें १४,००० पौंड. २०२० मध्यें, साथीच्या काळांत, हजारों आयरिश माणसांनीं अमेरिकेंतील नॅव्हाहो आणि होपी लोकांस पैसे पाठविले आणि चॉक्टॉंचें तें जुनें ऋण आवर्जून बोलून दाखविलें.

भट्टीच्या पुढच्या इतिहासाचे आकडे थोडक्यांत पुरेत. एनिअस कॉफी नांवाच्या आयरिश अबकारी अधिकाऱ्यानेंच १८३० मध्यें अखंड गाळपाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. आयरिश भट्टीवाल्यांनीं नाक मुरडलें आणि स्कॉटलंडनें तें उचललें. १९२० मध्यें अमेरिकेंत दारूबंदी झाली, ब्रिटिश बाजारपेठहि हातची गेली. १९६६ मध्यें डब्लिनच्या जेम्सन आणि पॉवर ह्या कंपन्या व कॉर्कची कंपनी एक झाल्या, आणि १९७५ मध्यें सर्वांचें गाळप मिड्ल्टनच्या नव्या भट्टींत आलें. म्हणजे बाटलीवर नांव डब्लिनच्या जेम्सनचें, तो मूळचा स्कॉटलंडचा, आणि पाणी डंगर्नीचें! जुनी भट्टी १९९२ पासून प्रवाशांसाठीं उघडी आहे.

पिसांजवळच्या बांकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. कोटाच्या कडेला लहानशी टांचणी होती. १८९८ मध्यें डब्लिनला स्थापन झालेल्या पायोनिअर मद्यत्याग मंडळाची ती खूण. ते कशाचें काम करीत, म्हणून मीं विचारलें. "भट्टींत," ते म्हणाले. "जुन्या आणि नव्या, दोन्ही." मीं टांचणीकडे पाहिलें तेव्हां ते हसले. वडीलहि तेथेंच कामाला होते. पगाराच्या दिवशीं आई दारांत उभी राहून त्यांची वाट पाही, आणि केव्हां केव्हां पाकिटाआधीं वडिलांचा आवाज घरीं येई. बाराव्या वर्षीं दृढीकरणाच्या दिवशीं घेतलेली प्रतिज्ञा ह्यांनीं मोडली नाहीं. भट्टीवर राग नाहीं काय? "तिनें आम्हां पांच भावंडांना शिकविलें," ते म्हणाले, आणि कांहीं वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

मग त्यांनीं मला विचारलें, "तुमच्याकडे सातूचें काय करतां?" मीं सांगितलें, आम्हीं भाजून दळतों आणि उन्हाळ्यांत त्याचें पीठ गूळ घालून दुधांत किंवा पाण्यांत कालवितों, तें लहान मुलेंहि घेतात. त्यांनीं मला सातूंचें प्रमाण विचारलें, भाजावयाचे किती वेळ तें विचारलें, आणि तें ऐकून घेऊन, खिशांतल्या कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीनें लिहून ठेविलें.