सोनेरी तुकडे, नाव कुणाचं?

फोनवर शोधून बघा: डोल्चे अँड गबाना, मिलान, २०१३. ड्रेसवर सोनेरी मोझेकमधल्या मुकुट घातलेल्या आकृत्या दिसतील. हे डिझाइन आलं सिसिली बेटावरच्या मोनरेआले कॅथेड्रलमधून. डोमेनिको डोल्चे मूळचा सिसिलीचाच. हे कॅथेड्रल राजा विल्यम दुसरा याने ११७० च्या दशकात बांधायला घेतलं. भिंतींवर बायझंटाइन शैलीचं मोझेक आहे. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख आणि असे बारीक तुकडे एकेक करून हाताने बसवलेले. त्यात राजा स्वतः मेरीला चर्च अर्पण करताना दिसतो. ड्रेसवर डिझायनरचं लेबल असतं. तुकडे बसवणाऱ्यांचं नाव मात्र दोन्हीकडे नाही. म्हणून ‘इन्स्पायर्ड बाय’ वाचलं, की विचारा: मूळ हात कुणाचे?