मोटार नव्हे, मग काय?

विजेच्या सायकलीवरून वाद निघाला की मी १८७९ सालच्या एका इंग्लिश खटल्याकडे वळतो: टेलर विरुद्ध गुडविन. १८३५चा रस्ते कायदा झाला तेव्हा आजची सायकल नव्हतीच. तरी ती बेफाम हाकणाऱ्याला त्या कायद्याखाली शिक्षा करायची, तर तिला 'गाडी' ठरवणे भाग होते. न्यायालयाने तसे ठरवले. म्हणजे सायकलीला कायद्यात ओळख मिळाली ती आरोपी म्हणून! १८८८च्या कायद्याने ते नाव सरसकट केले. दिवा-घंटीची सक्ती आली, तसा गाडीचा रस्त्यावरचा हक्कही आला.

आपला केंद्रीय मोटार वाहन नियम उलट्या वाटेने जातो. शक्ती २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत. चाचणी संस्थेने हे प्रमाणित केले, की ते 'मोटार वाहन' मानायचे नाही. नोंदणी नको, परवाना नको. वॉटांवर आपण उगाच भांडतो. माझ्या मते खरी अडचण पुढे आहे. कॅलिफोर्नियाने २०१५ साली कायदा करून तीन वर्ग पाडले, आणि ताशी ४५ किलोमीटरपर्यंत साथ देणाऱ्या तिसऱ्या वर्गाला रस्त्यापासून अलग असलेल्या सायकलमार्गावर सहसा मज्जाव केला. आपल्या व्याख्येत वाहन काय नव्हे तेवढेच आहे. पुण्यातल्या सायकलमार्गावर ते आले, तर सोडावे की अडवावे, याबद्दल तिच्यात एक शब्द नाही.