आधीं गणित कीं आधीं प्रयोग ?

पदवीपरीक्षेचा अभ्यासक्रम आंखणें हें काम वरवर पाहतां केवळ कारकुनी स्वरूपाचें भासतें. कोणता विषय पहिल्या वर्षीं ठेवावयाचा, कोणता तिसऱ्या वर्षीं, कोणत्या प्रश्नपत्रिकेस किती गुण द्यावयाचे, एवढें ठरलें कीं काम संपलें, अशी सामान्य समजूत आहे. परंतु पदार्थविज्ञानासारख्या शास्त्राच्या बाबतींत ही आंखणी म्हणजे एका पिढीच्या बुद्धीस कोणतें वळण लावावयाचें याचाच निर्णय होय. केंब्रिज विद्यापीठाचा एकोणिसाव्या शतकांतील इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

१८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत सीनियर रँग्लर झाले, आणि 'रँग्लर' हा परकी शब्द मराठी घराघरांत बिरुदासारखा रूढ झाला. ही परीक्षा म्हणजे त्या विद्यापीठाचा कणा होती. उत्तीर्ण विद्यार्थ्यांचीं नांवें गुणानुक्रमें जाहीर होत, आणि वरचा क्रमांक मिळावा म्हणून खासगी शिक्षकांच्या हाताखालीं वर्षानुवर्षें उदाहरणें घोटावीं लागत. या पद्धतीस केवळ नांवें ठेवून चालणार नाहीं. लॉर्ड केल्व्हिन १८४५ सालीं, मॅक्सवेल १८५४ सालीं व जे. जे. थॉमसन १८८० सालीं याच परीक्षेंत दुसरे आले. लॉर्ड रॅले १८६५ सालीं पहिले आले. पदार्थविज्ञानाचे एवढे धुरंधर ज्या मुशींतून निघाले ती मूस हिणकस होती असें कोण म्हणेल ?

तथापि तिच्यांत एक मोठी उणीव होती. ग्रहांची गति, प्रकाश, द्रवपदार्थांचा दाब असे विषय गणिताच्या अंगानें शिकविले जात; पण १८४९ च्या सुमारास उष्णता, विद्युत् व लोहचुंबकत्व यांच्या उपपत्ति परीक्षेंतून वगळण्यांत आल्या. फॅराडे लंडनमध्यें ज्या विषयांत नवें जग उघडीत होता, तेच विषय केंब्रिजच्या विद्यार्थ्यास परीक्षेपुरते अस्तित्वांत उरले नाहींत. उपकरण हातांत घेण्याचा तर प्रश्नच नव्हता.

या व्यवस्थेचा निर्भीड कैवारी म्हणजे आयझॅक टॉडहंटर. ज्या सेंट जॉन्स कॉलेजांत पुढें परांजपे शिकले, त्याच कॉलेजचा हा फेलो आणि १८४८ चा सीनियर रँग्लर. याचीं बीजगणिताचीं व भूमितीचीं पुस्तकें हिंदुस्थानांतील शाळांतूनही चालत, त्यामुळें आमच्या पूर्वजांच्या किती पिढ्या त्याच्या हाताखालून गेल्या हें सांगावयास नको. १८७३ सालीं त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, अध्यापक विद्वान् व सदाचारी असतां त्यानें सांगितलेल्या गोष्टीवर विद्यार्थ्यानें विश्वास न ठेवणें व ती प्रयोगानें पाहूं म्हणणें हा अनाठायीं संशय होय. आज हें वाचून हंसूं येतें. परंतु वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा : आमच्या महाविद्यालयांतून शिकणारे किती विद्यार्थी याहून निराळ्या श्रद्धेनें परीक्षेस बसतात ?

मध्यंतरीं दुसऱ्या पक्षानेंही पाऊल टाकलें होतें. विद्यापीठाचे कुलपति, डेव्हनशरचे सातवे ड्यूक, यांनीं प्रयोगशाळेच्या खर्चाचा भार उचलला. १८७१ सालीं मॅक्सवेल यांची प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, व १८७४ सालीं कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उघडली. इमारत झाली, उपकरणें आलीं, जगांतील अग्रगण्य पदार्थविज्ञानवेत्ता शिकवावयास उभा राहिला, आणि श्रोते? अखेरच्या काळांत त्याच्या व्याख्यानांस कधीं कधीं दोन-तीनच विद्यार्थी असत. ज्यास रँग्लर व्हावयाचें त्यास प्रयोगाचा गुण मिळत नव्हता, आणि ज्याचा गुण नाहीं त्यास वेळ देणें कोणास परवडणार ? इमारतीनें अभ्यासक्रम बदलत नाहीं, आणि प्राध्यापकाच्या थोरवीनेंही बदलत नाहीं, हा या प्रसंगाचा धडा होय.

१८७९ सालीं मॅक्सवेल वारले व त्यांच्या जागीं रॅले आले. त्यांच्या कारकीर्दींत ग्लेझब्रुक व शॉ या दोन तरुण अध्यापकांनीं प्रयोगांचे नियमित वर्ग बांधून दिले. विद्यार्थ्यानें क्रमाक्रमानें मोजावयास शिकावें, चूक कोठें व किती झाली तें ओळखावें, ही त्यांची शिस्त. या शिकवणींतूनच त्यांचें प्रायोगिक पदार्थविज्ञानावरील पाठ्यपुस्तक १८८५ सालीं निघालें. १८८१ पासून सृष्टिशास्त्रांची ट्रायपॉसही दोन भागांत विभागली गेली : प्रथम अनेक शास्त्रांचा परिचय, नंतर त्यांपैकीं एकाचा सखोल व्यासंग. येथें प्रयोगास नुसतें घर नव्हे, तर अभ्यासक्रमांत जागा मिळाली. याच मार्गानें १८८४ सालीं जगदीशचंद्र बोस केंब्रिजचे पदवीधर झाले. आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत धड प्रयोगशाळा नसतांही त्यांनीं दहा वर्षांनीं सूक्ष्म विद्युत्तरंगांवरील आपले प्रयोग करून दाखविले. हाताला लागलेलें वळण तें हेंच.

याचा अर्थ गणितास हांकलून द्यावें असा मात्र नाहीं. १८८४ सालीं रॅले यांच्यामागून आलेले थॉमसन हे अस्सल रँग्लर, आणि त्यांचे हात उपकरणांच्या कामीं अवघडलेले. कांचेच्या नळ्या फुंकून देणारा त्यांचा साहाय्यक एव्हरेट नसता तर १८९७ सालचा इलेक्ट्रॉनचा शोध केंब्रिजला लागला असता किंवा नाहीं याची शंकाच आहे. परंतु नळींतील किरणांच्या वळणावरून कणाचा विद्युद्भार व वस्तुमान यांचें प्रमाण काढणें हें गणित मुरलेल्या डोक्याचेंच काम होतें. एकाच शोधांत एकाचें डोकें व दुसऱ्याचा हात लागला. अभ्यासक्रमाचें खरें कौशल्य हें दोन्ही एका विद्यार्थ्याच्या ठायीं आणण्यांत आहे. १९०९ नंतर केंब्रिजनें गणिताच्या परीक्षेंतील गुणानुक्रम जाहीर करणेंही सोडून दिलें.

आतां आमच्याकडे वळूं. १८५७ सालीं स्थापन झालेलें मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर, आरंभीं मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून जन्मास आलें. म्हणजे आमच्याकडे परीक्षा आधीं आली आणि शिक्षण तिच्यामागून चालूं लागलें. त्या जन्मखुणा अजून पुसल्या गेलेल्या नाहींत. प्रयोगाची वही गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरविणें, अपेक्षित उत्तर आधीं पाहून मग वाचनें लिहिणें, हे प्रकार ज्यांनीं पाहिले नाहींत असे पदवीधर विरळाच. त्या विद्यार्थ्यांस दोष देणें सोपें आहे. पण ज्या आंखणींत बरोबर उत्तरास गुण आहेत आणि प्रामाणिक चुकीस नाहींत, तिनें त्यांस दुसरें काय शिकविलें? टॉडहंटरचा विद्यार्थी निदान गुरूच्या शब्दावर विश्वास ठेवीत होता. आमचा विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांवरही अविश्वास दाखवावयास शिकतो.

म्हणून नवा अभ्यासक्रम आंखणाऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, विषयांची यादी करण्यापूर्वीं गुणांची वांटणी करावी, आणि ती करतांना विद्यार्थ्यानें पाहिलें तेंच लिहिलें तर त्याचें नुकसान होणार नाहीं एवढी तजवीज प्रथम करावी.