केसगळतीवर 'स्टेम सेल थेरपी': पैसे भरण्याआधी हे वाचा

केसगळती किंवा टक्कल यासाठी स्टेम सेल थेरपी हा आज भारतात मान्यताप्राप्त उपचार नाही. परवानगी घेतलेल्या संशोधन चाचणीबाहेर तो देता येत नाही, आणि चाचणीत दिला जात असेल तर रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. उत्तर सुरुवातीलाच सांगतो, कारण यवतमाळ, पुसद, वणीकडची जी मुले नागपूर-अमरावतीला जाऊन 'पॅकेज'ची चौकशी करून येतात, त्यांच्याकडे विचार करायला फार वेळ नसतो. लग्नाचे बघणे सुरू असते, बायोडेटाचा फोटो काढायचा असतो आणि 'या महिन्यात भरले तर सवलत' असे क्लिनिकने सांगितलेले असते. काही घरांत तर त्यासाठी कर्ज काढायची तयारी झालेली असते.

सिकलसेलला चालते, मग केसांना का नाही?

हा प्रश्न आपल्या भागात हमखास येतो आणि तो रास्त आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. बोन मॅरो ट्रान्सप्लांटने सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे मूल बरे झाल्याचे लोकांनी ऐकलेले असते. तो खरोखरच स्टेम सेलचा, म्हणजे मूलपेशींचा उपचार आहे. आपल्या अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. जुळणाऱ्या दात्याच्या, बहुतेक वेळा सख्ख्या भावंडाच्या, अशा पेशी शिरेतून दिल्या की त्या रक्तातून आपोआप मज्जेत पोचतात, तिथे रुजतात आणि नवे रक्त तयार करू लागतात. या पद्धतीला अनेक दशकांचा अनुभव आहे.

केसाची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक केसाचे मूळ म्हणजे एक छोटा अवयवच असतो. त्यात अनेक प्रकारच्या पेशी, स्वतःच्या रक्तवाहिन्या, तेलग्रंथी आणि एक बारीक स्नायू असतो. डोक्याच्या कातडीत पेशी टोचल्या म्हणून असा अवयव जागेवर उभा राहत नाही.

टक्कलात मूलपेशी संपलेल्या नसतात

जाहिरातींमध्ये चित्र असे दाखवतात की मूलपेशी संपल्या म्हणून टक्कल पडले, आता नव्या पेरल्या की पीक येईल. शेतीचा हा दाखला ऐकायला बरा वाटतो, पण तो चुकीचा आहे. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी पुरुषी टक्कल असलेल्या माणसांच्याच डोक्यावरची केसाळ आणि टकली अशी दोन्ही जागची कातडी तपासली. केसाच्या मुळाशी असणाऱ्या मूलपेशींची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. टकल्या जागी कमी होत्या त्या पुढच्या टप्प्यातल्या पेशी, म्हणजे मूलपेशींपासून तयार होऊन प्रत्यक्ष केस घडवणाऱ्या. थोडक्यात, बियाणे जमिनीत आहे, ते उगवत नाही. जे आधीच आहे तेच आणखी टोचून काय साधणार, हा प्रश्न सेल्समनला जरूर विचारा.

न उगवण्याचे कारण मुख्यतः आनुवंशिकता आणि डीएचटी नावाचे संप्रेरक. त्याच्या परिणामाने केसाचे मूळ दर फेरीत थोडे लहान होत जाते, केस बारीक आणि आखूड होतो, आणि शेवटी नुसती लव उरते. ही क्रिया वर्षानुवर्षे चालते. म्हणून उपचार लवकर सुरू केला तर उपयोग जास्त होतो, आणि वर्ष-दोन वर्षे चुकीच्या इंजेक्शनांत गेली तर नुकसान फक्त पैशाचे नसते.

संशोधन थांबलेले नाही. जपानमध्ये रुग्णाच्याच केसमुळाशी असलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत टोचण्याची चाचणी झाली आहे. सुधारणा दिसली, पण थोडी. उद्या यातून काही चांगले निघेलही. तो उपचार आज पुसदच्या मुलाला बिल फाडून विकण्याजोगा नाही, एवढेच.

मग क्लिनिकमध्ये नेमके काय टोचतात?

बहुतेक वेळा पीआरपी. हातातून थोडे रक्त काढतात, यंत्रात फिरवतात आणि बिंबाणू म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला पिवळसर भाग डोक्यात टोचतात. साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा. यात मूलपेशी नसतात. सुरुवातीच्या केसगळतीत पीआरपीने काही जणांचे केस थोडे दाट होतात, पण निकाल सगळीकडे सारखे नाहीत आणि परिणाम टिकवायला पुन्हा पुन्हा करावे लागते. त्वचारोगतज्ज्ञाने औषधांच्या जोडीला सुचवले तर त्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो पीआरपीला 'स्टेम सेल' म्हणून कितीतरी पट दर लावण्याला. 'ग्रोथ फॅक्टर' किंवा 'जीएफसी' हेही रक्तापासूनच केलेले त्याचे भावंड.

दुसरा प्रकार पोटावरची चरबी काढून त्यातल्या पेशी टोचण्याचा. तिसरा 'एक्सोसोम': कुपीतून येणारा, पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म कणांचा द्राव. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोणत्याही आजारासाठी एक्सोसोमला मंजुरी दिलेली नाही. उलट २०१९ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. राहिले सफरचंदाच्या 'स्टेम सेल'चे सीरम. झाडाच्या पेशीने माणसाचा केस उगवत नाही, त्यावर जास्त शब्द खर्च करत नाही.

'तुमच्याच पेशी, मग धोका कसला?'

धोका आहे. पेशी कुठून आल्या, कशा हाताळल्या आणि कुठे टोचल्या यावर तो ठरतो. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या उत्पादनाची इंजेक्शने घेतलेल्या बारा जणांना जिवाणूंचा गंभीर संसर्ग होऊन रुग्णालयात भरती व्हावे लागले. फ्लोरिडात तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्यावर दृष्टी गेली. ही उदाहरणे केसांची नाहीत, पण 'स्वतःच्या पेशी म्हणजे निर्धोक' हा समज किती कच्चा आहे ते यातून कळते.

नियम काय सांगतो

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतील मूलपेशी प्रत्यारोपण सोडले तर बाकी सगळा स्टेम सेल वापर हा संशोधनाचा भाग आहे. त्यासाठी नैतिकता समितीची आणि केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते, चाचणीची नोंद 'सीटीआरआय' या राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते, आणि रुग्णाला खर्च लावता येत नाही. औषध नियमांच्या 'शेड्यूल जे' मध्ये, म्हणजे ज्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा औषधावर करता येत नाही त्या यादीत, टक्कल आहे.

क्लिनिकला तीन गोष्टी लेखी मागा: टोचणार त्या पदार्थाचे नाव, नोंदणी व परवानगीचा क्रमांक, आणि टोचणाऱ्या डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिल नोंदणी क्रमांक. लेखी मिळत नसेल तर उठून या.

आधी कारण शोधा

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. मुले, बाया, म्हातारे, सगळ्यांचेच. सुरुवातीला पाण्यावर, शाम्पूवर संशय गेला. केंद्राची तज्ज्ञ पथके गावांत आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांत रेशनच्या गव्हातील आणि रुग्णांच्या शरीरातील जास्तीच्या सेलेनियमकडे बोट गेले. पुढे बऱ्याच जणांचे केस परत येऊ लागले, तेही कोणत्याही स्टेम सेलशिवाय. इतके विचित्र कारण नेहमी नसते, पण गळणारा प्रत्येक केस म्हणजे आनुवंशिक टक्कल नव्हे, हे लक्षात ठेवायला बुलढाण्याचे उदाहरण चांगले आहे.

आमच्या ओपीडीत सर्वात जास्त दिसते ती डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपाशी राहून केलेल्या डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होणारी गळती. आजार होऊन गेलेला असतो, म्हणून दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. कंगव्यात पुंजके येतात, घाबरगुंडी उडते, पण साधारण सहा महिन्यांत केस बहुतेक आपणहून भरून येतात. मधल्या काळात ज्याने जे टोचले किंवा चोळले त्याला श्रेय मिळते. 'स्टेम सेल'चे बरेच 'आधी आणि नंतर'चे फोटो मला याच गटातले वाटतात.

बायांमध्ये रक्त कमी असणे, थायरॉइड आणि पीसीओडी आधी बघावे लागते. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच या तपासण्या कोणत्याही पॅकेजपेक्षा खूप स्वस्त आहेत. गोल गुळगुळीत चट्टा पडला असेल तर ती चाई. तिचा उपचार पूर्ण वेगळा. लहान मुलाच्या डोक्यात खवले आणि खाज असेल तर बुरशी असू शकते, आणि तिला पोटातून गोळ्या लागतात. कातडी चकचकीत होऊन दुखत असेल किंवा पू येत असेल तर थांबू नका, कारण काही आजारांत केसांची मुळे कायमची जळून जातात.

सिद्ध झालेले उपचार

आनुवंशिक टक्कलासाठी लावायचे मिनॉक्सिडिल आणि पुरुषांसाठी फिनास्टेराइडची गोळी. मिनॉक्सिडिलने पहिल्या महिना-दोन महिन्यांत गळती वाढल्यासारखी वाटते आणि नेमके तेव्हाच लोक बंद करतात. किमान सहा महिने द्या. फायदा झाला तर चालू ठेवावे लागते, बंद केले की मिळालेले केस हळूहळू जातात. फिनास्टेराइडने काहींची लैंगिक इच्छा कमी होते किंवा मन उदास राहते, म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. गर्भवती किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने ही गोळी घेऊ नये, फुटलेली गोळी हाताळूही नये. ती चालू असताना रक्तदान करू नका.

केस प्रत्यारोपण हा खरा पर्याय आहे, पण ती शस्त्रक्रिया आहे. २०१९ मध्ये मुंबईत एकाच बैठकीत हजारो केस लावून घेतल्यानंतर एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की यूट्यूब पाहून किंवा एखादी कार्यशाळा करून हे काम करता येणार नाही, त्यासाठी शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण लागते.

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवता येते. जाताना गेल्या सहा महिन्यांतले आजार आणि चालू गोळ्यांची यादी न्या. त्या दिवशी केसांना तेल लावू नका, कातडी नीट दिसत नाही.

कोणी आधीच 'स्टेम सेल'चे इंजेक्शन घेतले असेल तर बिल, पावती आणि कुपीवरच्या लेबलचा फोटो जपून ठेवा. ताप, वाढती सूज, पू किंवा असह्य ठणका असेल तर क्लिनिकच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा, आणि काय टोचले होते ते न लाजता सांगा.  फसवणुकीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि तिथे तीच कागदपत्रे लागतात.