रेवसची न्याहारी, तळोज्याचा डबा

एकाच जिल्ह्यातली दोन ठिकाणं घ्या. पहिलं रेवस. धरमतर खाडीच्या तोंडाशी असलेलं बंदर, समोर करंजा, पाठीमागे खाऱ्या जमिनीतली भातशेती. जुन्या माणसांना हे नाव रामदास बोटीमुळे आठवतं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. दुसरं ठिकाण तळोजे, पनवेल तालुक्यातली औद्योगिक वसाहत. १९९४ साली केलॉग कंपनी भारतात आली तेव्हा तिने कारखाना टाकला तो इथे. म्हणजे गंमत बघा, तांदळाची भाकरी आणि कॉर्नफ्लेक्सचा डबा, दोघांचाही जिल्हा रायगडच!

आज या दोन न्याहाऱ्यांबद्दल लिहायचं निमित्त म्हणजे माझी आत्या. ती रेवसची. शुगर निघाल्यापासून जो भेटतो तो तिला भाकरी सोडायला सांगतो आणि एका डब्याचं नाव घेतो. कुणी ओट्स, कुणी नाचणीचे फ्लेक्स, कुणी मल्टिग्रेन. तिचा सवाल सरळ आहे: "भाकरी बंद, मंग मी खाव काय?" मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बग शोधायचा तर आधी तो कोड कुणी, कधी आणि कशासाठी लिहिला ते बघायची सवय. म्हणून हा इतिहास.

आधी डब्याचा इतिहास बघू. १८९४ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग आणि त्यांचा धाकटा भाऊ विल यांनी शिजवलेला गहू लाटून, भाजून पहिले फ्लेक्स बनवले. मका नंतर आला. डॉक्टरसाहेब तिथलं आरोग्यधाम चालवत. मांस नको, मसाला नको, पोटाला हलकं हवं, हा त्यांचा आग्रह. धाकट्याला त्यात धंदा दिसला. साखर घालायची की नाही यावरून भावाभावांत वाजलं आणि १९०६ मध्ये धाकट्याने स्वतःची कंपनी काढली. पुढे काय झालं ते दुकानातल्या फळीवर दिसतंच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा पदार्थ बनला तो पचायला हलका म्हणून. पण शिजवून, लाटून, भाजून धान्याची घडण इतकी मोडली की पोटाला फारसं काम उरत नाही आणि स्टार्चची साखर झटक्यात रक्तात उतरते. १९०६ मध्ये जे फीचर होतं तोच मधुमेही माणसासाठी बग!

बरं, मधुमेहात कर्बोदकं कमी करा हा सल्ला काही आजची फॅशन नव्हे. १७९७ मध्ये जॉन रोलो नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने मधुमेहावर मांसाहाराचा उपाय छापला होता. औषध नव्हतंच, त्यामुळे पुढे सव्वाशे वर्षं पथ्य हाच उपचार. शेवटी शेवटी तर रोग्याला जवळजवळ उपाशीच ठेवत. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं आणि ती उपासमार संपली.

त्याच टोरांटोत १९८१ साली डेव्हिड जेनकिन्स आणि मंडळींनी कुठला पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचा तक्ता छापला. हाच तो ग्लायसेमिक इंडेक्स. ग्लुकोज १०० धरलं तर कॉर्नफ्लेक्स सुमारे ८०, पांढरा भात सुमारे ७०, ओट्सची लापशी ५० च्या आसपास. म्हणजे भाताला हिणवून मक्याचे फ्लेक्स आणणारा माणूस पायरी चढला, उतरला नाही. (योगायोग म्हणजे कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं तेही १९८१ सालीच. आणि 'जीआय' म्हणाल तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही २०२२ मध्ये जीआय मिळालाय, पण तो भौगोलिक मानांकनाचा!)

आता रेवसकडे वळू.

अलिबाग आणि पेण तालुक्यांतला खाडीकाठचा पट्टा म्हणजे खारेपाट. समुद्राला बांध घालून मिळवलेली जमीन. उधाणाने बांध फुटला तर अख्ख्या गावाने चिखल वाहून तो बांधायचा. या सामुदायिक श्रमदानाला इथे 'जोळ' म्हणत. खाऱ्या मातीत वाटेल ते पीक येत नाही. काळा रता, भुरा रता अशी खार सोसणारी भातं इथली. नाचणी आणि वरी वर डोंगराच्या वरकस जमिनीत. त्यामुळे सकाळचं खाणं ठरलेलं: तांदळाची भाकरी नाहीतर पेज, सोबत रात्रीचं कालवण किंवा सुकट, जवळा, बोंबील. घरामागे तळं असेल तर त्यात जिताडा. हिवाळ्यात वाल.

म्हणजे आपले पूर्वज लो कार्ब खात होते असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ते तांदूळच खात होते. फरक तीन ठिकाणी होता. तांदूळ हातसडीचा होता, गिरणीतून पांढराफेक होऊन येत नव्हता. भाकरीशेजारी मासा असायचा. आणि खाऊन माणूस बांधावर किंवा पाण्यात जायचा, खुर्चीत नाही.

चौथा फरक मात्र अभिमानाने सांगण्यासारखा नाही. पोटभर मिळतच नव्हतं. पिकवलेल्या भाताचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा. म्हणूनच २७ ऑक्टोबर १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या मिळून २५ गावांच्या कुळांनी शेतीच करायची नाही असा संप केला. चरी आपल्या अलिबाग तालुक्यातलंच. डॉ. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला. संप चालला सहा वर्षांच्या आसपास! १९३९ च्या कुळकायद्यामागे हा रेटा होता. ज्यांनी स्वतःच्या ताटातला तांदूळ पणाला लावला, त्यांच्या नातवंडांना "तांदूळ सोड" म्हणणं तोंडाने सोपं आहे. ऐकणाऱ्याला ते तितकं सोपं जात नाही.

आणि ही उपासमार शरीर विसरत नाही असं दिसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्पटनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होतं ते स्नायू आणि इतर अवयवांचं वजन. चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! तेव्हा "आम्ही काटक, आम्हाला कुठली शुगर" हे कोकणी समाधान काही खरं नाही. हार्डवेअर टंचाईसाठी बनलेलं आणि इनपुट सुबत्तेचं, अशी ही गत. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाबच्या अंदाजाप्रमाणे देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत.

मग नाचणीचे फ्लेक्स? २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि प्रत्येक डब्यावर नाचणी उगवली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात कर्बोदकं सुमारे ७८ ग्रॅम, नाचणीत सुमारे ६७. तंतू मात्र तांदळात ३ च्या आत आणि नाचणीत ११. चांगलं धान्य आहे, कॅल्शियमही भरपूर, पण लो कार्ब नव्हे. त्यात फ्लेक्स केले की वर सांगितलेली तीच मोडतोड होते.

२०२५ मध्ये इंडियाबचाच आहारावरचा अहवाल आला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण भारतीय सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेतो. पांढरा तांदूळ काढून तितकीच गव्हाची किंवा भरडधान्याची कर्बोदकं घेतली तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. पण कर्बोदकांतले ५ टक्के उष्मांक डाळी, दूध, अंडी किंवा मासे यांच्या प्रथिनांकडे वळवले तर तो कमी दिसला. (हा आकडेवारीतला संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालाय असं नाही, हे इंजिनियर म्हणून सांगायलाच हवं.)

थोडक्यात, धान्य बदलून भागत नाही, धान्याचा वाटा कमी करावा लागतो. "कुठला डबा?" हा प्रश्नच बॅटल क्रीकहून आलेला आहे. न्याहारी म्हणजे वाटीभर धान्य आणि वर दूध, हे गृहीतक त्याच्या पोटात दडलंय. ते काढलं की रेवसच्या घरातच उत्तरं सापडतात. दोन भाकऱ्यांऐवजी अर्धी किंवा एक, आणि सोबत कांदा घालून परतलेली सुकट भरपूर. (मासळी खारवलेली असेल तर बी.पी. वाल्यांनी जपून.) दोन अंडी. वालाचं बिरडं किंवा मोडाचे मूग, तेही पातेलंभर नव्हे, वाल-मुगातही कर्बोदकं असतातच. नाचणीची आंबील हवी तर पातळ, ताक जास्त आणि पीठ कमी, गूळ नको. डब्याशिवाय चालतच नसेल तर जाड ओट्स बिनसाखरेचे, डबा उलटा करून मागचा तक्ता वाचून. आणि खाल्ल्यावर जेट्टीपर्यंत एक चक्कर.

एक इशारा मात्र गंभीरपणे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना भाकरी एकदम कमी केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून डोस आणि ताट दोन्ही डॉक्टरांना विचारून, एकत्रच बदलायचं. घरी ग्लुकोमीटर असेल तर न्याहारीआधी आणि दोन तासांनी मोजून बघा. कुठल्या पदार्थाने काय होतं हे तुमचं रक्त कुठल्याही तक्त्यापेक्षा खरं सांगतं.

खारेपाटातल्या माणसांनी तांदळासाठी समुद्र अडवला, खोताशी झगडा केला. तो तांदूळ आता ताटातून हाकलायची गरज नाही. त्याने फक्त ताटात थोडं सरकून बसायचं आणि माशाला जागा द्यायची, एवढंच. असो, बरंच लांबलं.