क्रोशा आणि धोट्याची लेस : कालनिर्णय व साधनें

(१) विषय

घरांत बसून बायकांनीं केलेल्या सुताच्या जाळीदार कामाला इतिहास असूं शकतो, ही गोष्ट ताम्रपट आणि बखरी यांत रमणाऱ्या वाचकांस प्रथमदर्शनीं पटणार नाहीं. परंतु ज्या वस्तूचा काळ ठरवितां येतो, जिचे नमुने एकमेकांशीं ताडून पाहतां येतात आणि जिच्याविषयीं अवास्तव प्राचीनत्वाच्या कल्पना रूढ आहेत, ती वस्तु संशोधनाला सर्वस्वीं योग्य होय. आंकडीच्या सुईनें केलेलें क्रोशाचें विणकाम, आणि इंग्रजींत ज्यास टॅटिंग म्हणतात तें धोट्यानें केलेलें गांठींचें काम, या दोन कलांचा काळ कोणता आणि तो ठरविण्याचीं साधनें कोणतीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रतिपाद्य थोडक्यांत असें कीं, या दोन्ही कला आपण समजतों त्याहून पुष्कळ अर्वाचीन आहेत. परंतु अर्वाचीन असूनहि त्यांचा पुरावा पोथ्यांहून लवकर लोपण्याजोगा आहे. कारण छापील पुस्तकांत या कलांचा अर्धाच भाग उतरला. उरलेला अर्धा करणारणींच्या हातींच राहिला.

(२) क्रोशाच्या प्राचीनत्वाची परीक्षा

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'क्रोशा' हा शब्द कानीं पडतांच संस्कृतज्ञाला 'क्रोश' आठवतो. परंतु संस्कृत क्रोश म्हणजे हांक, आणि त्यावरून अंतराचें एक माप, म्हणजे आपला कोस. त्याचा सुताशीं कांहीं संबंध नाहीं. आपला शब्द फ्रेंच 'क्रोशे' याचें रूप असून त्याचा मूळ अर्थ लहान आंकडा एवढाच आहे. उशीवर टांचण्या रोवून लाकडी कांड्यांनीं विणावयाची जुनी लेस पोर्तुगीजांबरोबर पूर्वेकडे आली. म्हणून सिंहली आणि मलय या भाषांत लेसेचें नांव पोर्तुगीज 'रेंदा' यावरून पडलें. क्रोशाचें नांव मात्र फ्रेंच आहे, आणि खुद्द युरोपांत तें या विणकामाला एकोणिसाव्या शतकांत रूढ झालें. शब्दाची साक्ष अशी अर्वाचीनत्वाकडे झुकते.

वस्तूंची साक्ष तिच्याशीं जुळते. क्रोशा अरबस्तानांतून आला, दक्षिण अमेरिकेंतून आला किंवा चीनमधून आला, असे तीन पक्ष मांडले गेले. डेन्मार्कच्या विदुषी लिस पालुदान यांनीं या पक्षांची तपासणी केली, परंतु इ. स. १८०० पूर्वीं युरोपांत क्रोशा होता असा विश्वसनीय पुरावा त्यांस मिळाला नाहीं. ईजिप्तच्या वाळवंटांतील थडग्यांत सांपडलेले सुमारें तिसऱ्या ते पांचव्या शतकांतील लोंकरी मोजे या संदर्भांत ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. त्यांपैकीं कांहीं लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. वरवर पाहणाऱ्याला ते आजच्या विणकामासारखे दिसतात, परंतु त्यांची रचना निराळी आहे. तेथें नेढें असलेल्या सुईनें दोऱ्याचें संपूर्ण टोंक प्रत्येक फांसांतून ओढून घेतलें आहे. म्हणून दोऱ्याचे लहान लहान तुकडे जोडीत जावें लागलें. क्रोशांत टोंक कधींच ओढलें जात नाहीं. फांसांतून फांस काढला जातो आणि दोरा गुंड्यापासून अखंड येतो. यावरून परीक्षा सोपी होते. क्रोशाचें शेवटचें टोंक मोकळें करून ओढलें तर काम सरसर उसवत जातें. मोज्यांचें विणकाम तसें उसवत नाहीं.

क्रोशाचे आतांपर्यंत ज्ञात असलेले पहिले छापील नमुने 'पेनेलोपे' या डच मासिकांत इ. स. १८२३ मध्यें आले. त्यांत पैशाच्या पिशव्यांचीं चित्रें आहेत. मग त्याआधीं काय होतें? अठराव्या शतकांत पूर्वेकडून युरोपांत एक भरतकाम गेलें. चौकटीवर कापड ताणून त्यांतून बारीक आंकडीनें दोरा वर ओढून साखळी घालावयाची, असा त्याचा प्रकार. सेंतोबँ यानें इ. स. १७७० च्या आपल्या भरतकामाविषयींच्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें आहे. कच्छच्या मोच्यांचें आरीचें भरतकाम ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस या कृतीची ओळख निराळी करून देण्याचें कारण नाहीं. पुढें कोणी तरी खालचें कापड काढून टाकलें आणि साखळी हवेंतच विणली, हें क्रोशाच्या जन्माचें एक संभाव्य अनुमान होय. तें अनुमानच आहे, सिद्धांत नव्हे. परंतु साधन आणि टांका दोन्ही सारखे असल्यानें तें इतर पक्षांहून बलवत्तर दिसतें.

(३) धोट्याचें काम

टॅटिंगविषयीं असाच एक भ्रम आहे. रेनॉल्ड्स यानें अल्बेमार्लच्या काउंटेसचें जें चित्र सुमारें इ. स. १७६० मध्यें काढलें, त्यांत तिच्या हातीं धोटा आहे. अशा चित्रांवरून टॅटिंग अठराव्या शतकांत होतें असें म्हटलें जातें. हें अनुमान सदोष आहे. त्या काळच्या उमराव स्त्रिया धोट्यानें दोऱ्यावर गांठींमागून गांठी मारीत, आणि तयार झालेली गांठाळ दोरी मागाहून कापडावर शिवीत. ती दोरी होती, लेस नव्हती. त्यांचा धोटाहि मोठा आणि दोन्ही टोंकांशीं उघडा असे. टॅटिंगचा धोटा लहान आणि टोंकांशीं मिटलेला असतो. धोटा दिसला म्हणून टॅटिंग सिद्ध होत नाहीं. कडें दिसलें पाहिजे.

तें कडें कसें होतें हें सांगितल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं. डाव्या हाताच्या बोटांभोंवतीं दोऱ्याचा वेढा घ्यावयाचा, आणि उजव्या हातांतील धोटा त्याच्या खालून व वरून नेऊन दोन अर्ध्या गांठी मारावयाच्या. दोन मिळून एक पुरी गांठ. मर्म असें कीं, प्रत्येक अर्ध्या गांठीच्या वेळीं धोट्याचा दोरा ताणून हातावरचा दोरा सैल सोडावा लागतो. तेव्हां धोट्याच्या दोऱ्यानें घेतलेला वळसा हातावरच्या दोऱ्यावर उतरतो, आणि धोट्याचा दोरा गांठींच्या पोटांतून सरळ राहतो. हें साधलें तरच शेवटीं तो ओढून कडें आवळतां येतें. एका गांठींत चुकलें तर कडें मिटत नाहीं. दोन गांठींमध्यें सोडलेल्या मोकळ्या फांसास पिको म्हणतात. तो प्रथम शोभेसाठीं होता. मागाहून एका कड्याच्या पिकोंतून दोरा घेऊन पुढचें कडें त्यास जोडण्याची युक्ति निघाली. इ. स. १८५० च्या सुमाराच्या पुस्तकांत हा पालट दिसून येतो. त्यापूर्वींच्या कृतींत कडीं सुटीं करून नंतर सुईदोऱ्यानें एकमेकांस बांधीत. तेव्हां एखाद्या तुकड्यांत कडीं मागाहून बांधलेलीं आढळलीं, तर ती पद्धति जुन्या पायरीची समजावी. मात्र तेवढ्यावरून वर्ष ठरवूं नये, कारण जुनी पद्धति नवीच्या शेजारीं पुष्कळ दिवस जगते.

या कलेचीं नांवें पाहण्यासारखीं आहेत. फ्रेंच तिला क्षुल्लक चाळा या अर्थाच्या शब्दानें ओळखतात. इटालियन नांवाचा संबंध गप्पांशीं आहे. ज्या कामाला नांवच असें पडलें, त्याचीं टिपणें कोण ठेवणार?

(४) यंत्र, सूत आणि सूत्र

या दोन्ही कला इ. स. १८४० नंतरच एकदम कां पसरल्या, या प्रश्नाचें उत्तर विरोधाभासात्मक आहे. हीथकोट यानें इ. स. १८०९ मध्यें लेसेची जाळी यंत्रावर विणण्याचें एकस्व मिळविलें. त्यानें उशीवरच्या जुन्या लेसेचा धंदा बसत चालला. परंतु ज्या यंत्रयुगानें ती कला मारली, त्यानेंच बारीक, पीळदार आणि स्वस्त सुती दोरा घरोघर पोंचविला. उशीच्या लेसेस डझनावारी कांड्या आणि कित्येक वर्षांची उमेदवारी लागे. क्रोशास एक आंकडी आणि दोऱ्याचा एक गुंडा पुरे. शिवाय खरा क्रोशा विणणारें यंत्र आजतागायत झालेलें नाहीं.

दोऱ्याच्या मागोमाग पुस्तकें आलीं. एडिंबरोच्या जेन गॉगेन यांचें पुस्तक इ. स. १८४० चें. त्यानंतर लंडनच्या रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांनीं सत्तराहून अधिक पुस्तकें प्रसिद्ध केलीं. तेरेज द दिलमाँ यांचा स्त्रियांच्या हस्तकामाचा कोश इ. स. १८८६ चा, त्याचा आश्रय आल्सास प्रांतांतील म्युलूज येथील दोऱ्याच्या एका मोठ्या कारखान्याचा होता. पुस्तकानें दोरा खपे आणि दोऱ्यानें पुस्तक.

या पुस्तकांची भाषा संस्कृतज्ञास चटकन ओळखीची वाटेल. सूत्र या शब्दाचे दोरा आणि अल्पाक्षरी वचन असे जे दोन अर्थ आहेत, ते दोन्ही येथें एकत्र येतात. संक्षिप्त अक्षरें, आंकडे आणि पुनरावृत्तीच्या खुणा एवढ्यांतच सगळी कृति सांगितलेली असते. भाष्य शिकविणारीच्या तोंडीं. आणि सूत्रग्रंथांत असतात तसे पाठभेदहि येथें आहेत. ब्रिटिश पुस्तकांत ज्या टांक्यास 'डबल क्रोशे' म्हणतात, त्यालाच अमेरिकन पुस्तकांत 'सिंगल क्रोशे' म्हणतात. ब्रिटिशांचा 'ट्रेबल' तो अमेरिकनांचा 'डबल'. पुस्तक कोणत्या देशांत छापलें हें न पाहतां काम केलें तर प्रत्येक ओळीची उंची चुकते आणि नक्षी बिघडते. पोथीचा लेखक, देश आणि परंपरा पाहिल्यावांचून पाठ ठरवूं नये, हा आपला नियम येथें जसाच्या तसा लागू आहे.

(५) पुस्तकाबाहेरचें : आयर्लंड

आतां या इतिहासाचा जो भाग छापला गेला नाहीं त्याकडे वळूं. इ. स. १८४५ मध्यें आयर्लंडांत बटाट्यावर रोग पडला आणि पुढील कांहीं वर्षांच्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं. कॉर्कजवळ ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन जोगिणींनीं मुलींस क्रोशा शिकविला. मोनाहन परगण्यांतील क्लोन्स येथें कॅसँड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीनें इ. स. १८४७ पासून तें काम दुष्काळग्रस्त कुटुंबांत रुजविलें. व्हेनिसच्या सुईच्या लेसेचें अनुकरण क्रोशानें करावयाचें, असा बेत होता. गुलाब, वेल, तिपानी अशीं सुटीं फुलें निरनिराळ्या हातांनीं विणलीं जात आणि दुसरें कोणी तीं जाळीनें सांधी. छापील सूत्रांवर हें काम फारसें अवलंबून नव्हतें. नमुना हातीं घेऊन नमुना केला जाई. इतिहासांत नांवें राहिलीं तीं आश्रयदात्यांचीं. ज्या मुलींच्या मजुरीवर घरचें भाडें भरलें गेलें आणि चूल पेटली, त्या बहुतांशीं निनांवी राहिल्या.

संग्राहकांसाठीं एक सूचना येथेंच द्यावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथें यंत्रानें कापडावर भरतकाम करून खालचें कापड रसायनानें विरघळविण्याची युक्ति निघाली. त्या पद्धतीनें आयरिश क्रोशाच्या हुबेहूब नकला बाजारांत आल्या. भिंगाखालीं धरल्यास नकलेंत दोरे मागेंपुढें नुसते पसरलेले दिसतात. अस्सल कामांत फांसांतून निघालेला फांस डोळ्यांनीं मोजतां येतो.

(६) आपल्याकडे

हिंदुस्थानांत या कलेचें सर्वांत मोठें केंद्र आंध्रांतील पश्चिम गोदावरी भागांत नरसापूर येथें झालें. एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं तें काम तेथें आणलें. मारिया मीस यांनीं या विणकरणींवरील आपला ग्रंथ इ. स. १९८२ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, बायका घरीं बसून दिवसाचे कित्येक तास परदेशांत जाणारी लेस विणीत. तरी ती त्यांच्या फावल्या वेळांतली करमणूक समजली जाई, आणि त्या 'गृहिणी' म्हणूनच गणल्या जात. व्यापार आणि नफा पुरुषांच्या हातीं होता. वर सांगितलेलीं फ्रेंच व इटालियन नांवें ज्या दृष्टींतून निघालीं, तीच ही दृष्टि. हिशेबाच्या वहींत विणकरणीचें श्रम 'करमणूक' म्हणून उतरले कीं, पुढच्या इतिहासकारालाहि तीच नोंद पुरावा म्हणून मिळते.

महाराष्ट्रांत हें काम रुखवताच्या मांडणींत, दाराच्या तोरणांत आणि मेजावरील रुमालांत दिसतें. येथील बायकांनीं परक्या संज्ञा तशाच न घेतां स्वतःची परिभाषा केली. फांसांच्या रांगेस साखळी, उंच टांक्यास खांब आणि अगदीं आखूड टांक्यास मुका खांब म्हणतात. हे शब्द कोणत्याहि विद्वत्परिषदेनें घडविलेले नाहींत. तरी त्यांत डबल-सिंगलाचा तो घोंटाळा नाहीं. ज्यांस परिभाषेच्या इतिहासाची आवड आहे त्यांनीं असे शब्द गांवोगांवहून टिपून घेण्याजोगे आहेत.

(७) संग्राहकांस विनंती

ग्रंथ हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थच गुंफणें, गांठणें असा आहे. तेव्हां गांठींच्या या कामास हस्तलिखिताच्या शेजारीं जागा देण्यांत अनौचित्य नाहीं. जुन्या पेटींत लेसेचा तुकडा सांपडल्यास तो धुवून, इस्त्री करून नव्यासारखा करूं नये. सुटीं टोंकें कापूं नयेत, कारण काम कोठें संपलें हें तींच सांगतात. चुकलेल्या ओळी तशाच ठेवाव्या. क्रोशांतील चूक उसवून दुरुस्त करतां येते, धोट्याच्या आवळलेल्या गांठीची सहसा येत नाहीं. म्हणून टॅटिंगमध्यें शिकणारीच्या चुका लिपिकाराच्या स्खलनाप्रमाणें टिकून राहतात, आणि एका तुकड्यावरून दुसरा उतरला कीं काय हें त्यांवरून ओळखतां येतें. सोबत धोटा, आंकडी, वहींतील टिपणें अथवा पुस्तकांतून फाडलेलें पान असेल तर तें वेगळें काढूं नये. काम कोणीं केलें, कोणाकडून शिकलें, कोणत्या गांवीं आणि कोणत्या प्रसंगासाठीं केलें, हें घरच्या वडील स्त्रियांस विचारून एका चिठ्ठीवर लिहावें आणि ती चिठ्ठी तुकड्यास पांढऱ्या दोऱ्यानें बांधावी. टांचणी लावूं नये. तिचा गंज सुतास खातो.