सखीचा आधार

गोव्यातले पेडणे आणि डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आले. मागाहून जिंकलेल्या या ‘नव्या काबिजादीं’तल्या अनेक घरांत मुलाच्या मनाचे दुखणे देवाच्या कौलावर आणि शेजारणीच्या धीरावर निभावले जाई. मनोरुग्णालय दूर होते.

1996 साली गोव्यात ‘संगाथ’ संस्था उभी राहिली. गोवा आणि रावळपिंडीतल्या स्वमग्न मुलांवरच्या उपचाराचा, या संस्थेचा सहभाग असलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 65 मुले होती. प्रशिक्षित कार्यकर्ती, डॉक्टर नव्हे, घरी येई; आई मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण दोघी मिळून पाहत. मूल गाडीचे चाक फिरवते, आई क्षणभर थांबते, मूल तिच्याकडे बघते: हा क्षण आईला स्वतःच्याच डोळ्यांनी दिसणे, हीच या कामाची खरी ताकद.

त्याच सुमारास ‘संगाथ’च्या दुसऱ्या उपक्रमात नैराश्यग्रस्त गरोदर बायकांच्या घरी गावातल्याच अनुभवी आया ‘सखी’ म्हणून जाऊ लागल्या. बाळाची काळजी आईपासूनच सुरू झाली.